दोन लाइनी, एक राउटर: लोड बॅलन्सिंग बिघडलं की शोध कुठून सुरू करायचा

एक फायबरची लाइन, जोडीला केबलवाल्याची किंवा ५जीची दुसरी, आणि दोन्ही एकाच राउटरवर; तो कनेक्शनं दोन्हींत वाटतो, यालाच लोड बॅलन्सिंग म्हणतात. छोट्या ऑफिसांत, दवाखान्यांत, क्लासेसमध्ये ही सोय आता सर्रास दिसते. चालते तोवर उत्तम. बिघडली की मात्र ‘नेट बंद आहे’ अशी सरळ तक्रार येत नाही. ‘व्हॉट्सॲप चालतंय, पण बँकेची साइट मधेच बाहेर काढते.’ ‘माझ्याकडे उघडतंय, शेजारच्या टेबलावर उघडत नाही.’ ‘दोन-तीनदा रिफ्रेश केलं की येतं.’ अर्धी कनेक्शनं चांगल्या लाइनीने जातात आणि अर्धी खराब लाइनीने, त्यामुळे तक्रारही अर्धवटच असते.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: दोन्ही लाइनी मिसळलेल्या असताना बिघाड शोधत बसायचं नाही. आधी त्या वेगळ्या करायच्या, एकेकीचं खरं-खोटं करायचं, मग पुन्हा जोडायच्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने आहेत. उदाहरण मायक्रोटिक कंपनीच्या राउटरचं, त्यातल्या राउटरओएस ७ या प्रणालीचं घेतलं आहे, कारण आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत आणि स्थानिक इंटरनेटवाल्यांकडे तो भरपूर वापरला जातो. टीपी-लिंक ईआर६०५ किंवा तत्सम राउटर असेल तर मेनू वेगळे दिसतील, पण शोधाचा क्रम हाच ठेवा.

आधी हा बिघाड आहे का ते बघा

लोड बॅलन्सिंगमध्ये वेग वाटला जात नाही, कनेक्शनं वाटली जातात. १०० एमबीपीएसच्या दोन लाइनी असल्या तरी एका फाइलचं एक डाउनलोड १०० च्या आसपासच चालणार, कारण ते एकच कनेक्शन आहे आणि ते एकाच लाइनीने जातं. स्पीड टेस्टच्या साइटवर कधी १८०-१९० दिसतं, कारण ती टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शनं उघडते. ‘स्पीड टेस्टला दुप्पट येतं, डाउनलोडला नाही’ ही तक्रार असेल तर तुमचा राउटर ठणठणीत आहे.

दुसरा गैरसमज पीसीसीबद्दलचा, म्हणजे मायक्रोटिकवर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीबद्दलचा. पीसीसी लाइनीवरचा भार बघतच नाही. कनेक्शनचे आयपी पत्ते (आणि सांगितलं असेल तर पोर्ट क्रमांक) घेऊन तो एक आकडा काढतो, त्याला भाग देतो आणि बाकी शून्य उरली तर पहिली लाइन, एक उरली तर दुसरी, असं ठरवतो. चार-पाचच माणसं असलेल्या ऑफिसात दोघांची मोठी डाउनलोडं एकाच लाइनीवर पडली आणि दुसरी रिकामी राहिली, तर तो निव्वळ योग आहे. वीस-पंचवीस मशिन असतील तर वाटणी आपोआप बरीचशी समतोल होते.

लाइनी असमान असतील तर वाटणीही असमान हवी. एक १०० ची आणि एक ५० ची असेल तर भाजक ३ घ्या; बाकी ० आणि १ पहिल्या लाइनीला, बाकी २ दुसरीला. ५० च्या लाइनीवर निम्मी कनेक्शनं टाकली की संध्याकाळी ती तुंबते आणि निम्म्या लोकांना ‘नेट स्लो आहे’ असं वाटतं.

पायरी १: राउटर बाजूला ठेवा

लॅपटॉप थेट पहिल्या लाइनीच्या डब्याला (इंटरनेटवाल्याने बसवलेल्या मोडेमला) केबलने जोडा. वाय-फाय नको, केबलच. लाइन राउटरवरूनच पीपीपीओईने (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडण्याच्या पद्धतीने) डायल होत असेल, तर लॅपटॉपवर तेच युजरनेम-पासवर्ड टाकून डायल करा. स्पीड बघा आणि कुठल्याही सार्वजनिक पत्त्याला, उदाहरणार्थ १.१.१.१ ला, पाच-दहा मिनिटं सतत पिंग (उत्तर येतं का बघणारं छोटं पॅकेट) चालू ठेवा. शंभरात दोन-तीन पिंग जरी गळत असले तरी ती लाइन आजारी आहे. राउटरमध्ये कितीही उलथापालथ केली तरी ती सुधारणार नाही. मग दुसऱ्या लाइनीवर हेच करा.

वेग ९३-९४ एमबीपीएसवर अडकत असेल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर आधी केबलकडे बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एक तार जरी नीट क्रिंप झालेली नसली तर पोर्ट गुपचूप १०० वर उतरतो. मायक्रोटिकमध्ये ‘इंटरफेसेस’मध्ये त्या पोर्टवर डबल क्लिक करून ‘स्टेटस’मध्ये ‘रेट’ बघा, तिथे स्पष्ट कळतं.

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण टाळतात. टाळू नका. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात आणि इंटरनेटवाल्याशी बोलताना तुमच्या हातात पुरावा राहतो.

पायरी २: दोन्ही डब्यांचे पत्ते भिडत नाहीत ना?

इंटरनेटवाल्याचा ओएनटी (फायबर जिथे येऊन संपतं तो डबा) राउटर मोडमध्ये, म्हणजे स्वतःच राउटरचं काम करत असेल तर बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. दुसऱ्या कंपनीच्या डब्याचाही तोच! मग तुमच्या राउटरच्या दोन्ही वॅन पोर्टना (जिथे लाइनी जोडतात त्यांना) एकाच नेटवर्कमधले पत्ते मिळतात आणि १९२.१६८.१.१ कुठल्या तारेवर आहे हे त्याला कळेनासं होतं. कधी एक लाइन चालते, कधी दुसरी, आणि रीस्टार्ट केलं की चित्र बदलतं.

‘आयपी → ॲड्रेसेस’ उघडून दोन्ही वॅनचे पत्ते शेजारी-शेजारी वाचा. एकाच पट्ट्यातले असतील तर एका डब्याचा लॅन (आतल्या बाजूचा) पत्ता बदलून १९२.१६८.२.१ करा. त्याहून चांगलं म्हणजे ओएनटी ब्रिज मोडमध्ये (पॅकेटं नुसती पुढे पोचवण्यावर) टाकून घेऊन पीपीपीओई तुमच्या राउटरवरूनच डायल करा. त्यासाठी इंटरनेटवाल्याला सांगावं लागतं, पण एकदा केलं की दोनदा नॅट (आतला पत्ता बदलून बाहेर पाठवणं) होण्याची कटकट जाते.

तिथेच असताना ‘आयपी → फायरवॉल → नॅट’मध्ये दोन्ही वॅनसाठी मास्करेडचा (आतल्या पत्त्याऐवजी लाइनीचा पत्ता लावण्याचा) नियम आहे का तेही बघा. दुसरी लाइन नंतर घेतलेली असते आणि हा नियम फक्त पहिलीचा राहून गेलेला असतो.

पायरी ३: फास्टट्रॅक

मायक्रोटिकवर सगळं नीट लिहूनही लोड बॅलन्सिंग विचित्र वागत असेल तर पहिला संशय यावर घ्या. कंपनीच्या मूळ फायरवॉलमध्ये फास्टट्रॅकचा एक नियम असतो. प्रस्थापित झालेल्या कनेक्शनची पॅकेटं तो आडवाटेने, मँगलला (पॅकेटांवर खुणा करणाऱ्या नियमांच्या यादीला) वळसा घालून पुढे पाठवतो, म्हणजे प्रोसेसरचं काम कमी होतं. एका लाइनीसाठी हे छान आहे. पण दोन लाइनींची वाटणी मँगलमध्येच होते. म्हणून पहिली काही पॅकेटं दुसऱ्या लाइनीने जातात आणि नंतरची पॅकेटं खूण हरवल्यामुळे मुख्य राउटिंग टेबलाप्रमाणे (कुठल्या वाटेने जायचं याच्या यादीप्रमाणे) पहिल्या लाइनीने निघतात, तीही दुसऱ्या लाइनीचा पत्ता कपाळावर घेऊन. पुढे ती कुणी स्वीकारत नाही.

पडद्यावर काय दिसतं? पान उघडायला सुरुवात होते, वरचा मथळा येतो, आणि फिरणारं चक्र फिरतच राहतं. डाउनलोड चालू होऊन काही केबींवर थांबतं. असं दिसलं की ‘आयपी → फायरवॉल → फिल्टर रूल्स’मध्ये फास्टट्रॅकचा नियम बंद करा, किंवा त्यात ‘कनेक्शन मार्क’च्या जागी ‘नो-मार्क’ टाका, म्हणजे खूण नसलेलीच कनेक्शनं आडवाटेने जातील. मग राउटर एकदा रीस्टार्ट करा, जुनी कनेक्शनं साफ होऊ द्या.

याची किंमत प्रोसेसरला मोजावी लागते. ‘सिस्टिम → रिसोर्सेस’मध्ये सीपीयूचा आकडा बघा. एचएपी लाइटसारखा ६५० मेगाहर्ट्झचा एककोअरी राउटर दोन मोठ्या लाइनी आणि वीस-तीस माणसं यांच्यासाठी बनलेलाच नाही. तिथे सेटिंग बदलत बसण्यापेक्षा राउटर बदला.

पायरी ४: एक लॅपटॉप, एक लाइन

आता राउटरमधूनच दोन्ही लाइनी वेगवेगळ्या तपासायच्या. एका लॅपटॉपला ठरावीक पत्ता द्या, समजा १९२.१६८.८८.५०. मँगलमध्ये ‘प्रीराउटिंग’ साखळीत अगदी वर एक नियम टाका: सोर्स ॲड्रेस हाच, डेस्टिनेशन ‘लोकल’ नसलेला, ॲक्शन ‘मार्क राउटिंग’, खूण दुसऱ्या लाइनीच्या टेबलाची, आणि ‘पासथ्रू’ बंद, म्हणजे खालचे नियम लागणार नाहीत. फास्टट्रॅक पूर्ण बंद असेल तर आता हा लॅपटॉप फक्त दुसऱ्या लाइनीने जाईल; नुसतं ‘नो-मार्क’ टाकलं असेल तर चाचणीपुरता तो नियम बंद करा. ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ शोधा आणि तो खरंच दुसऱ्या कंपनीचा दिसतो का बघा. मग जी साइट रुसते ती उघडा. नियमातली खूण बदलून पहिल्या लाइनीवर तेच करा.

पायरी १ मध्ये लाइन थेट चांगली चालली आणि इथे अडखळली, तर दोष राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. दोन्ही लाइनी इथे चांगल्या चालल्या आणि मिसळल्यावरच गोंधळ होतोय, तर दोष वाटणीत आहे. शोधाचं क्षेत्र एका झटक्यात निम्मं होतं.

इथेच काउंटरही वाचा. मँगलच्या यादीत प्रत्येक नियमापुढे बाइट्स आणि पॅकेट्सचे आकडे असतात. वरून खाली डोळे फिरवा. पीसीसीच्या दोन नियमांचे आकडे हळूहळू वाढताना दिसतील, कारण खूण नसलेली नवी कनेक्शनंच तिथे पकडली जातात. ‘मार्क राउटिंग’चे मात्र भराभर पळायला हवेत. एखाद्याचा आकडा शून्यावर ठाण मांडून बसला असेल तर तो नियम कुणाला लागूच होत नाही. बहुधा ‘इन इंटरफेस’मध्ये ब्रिजऐवजी एखादा सुटा पोर्ट निवडलेला असतो, किंवा वरच्या नियमाने पॅकेट आधीच गिळलेलं असतं.

राउटरओएस ६ वरून ७ वर अपग्रेड केल्यानंतर बिघडलं असेल तर ‘राउटिंग → टेबल्स’ उघडा. ७ मध्ये प्रत्येक लाइनीचं टेबल आधी स्वतंत्रपणे तयार करावं लागतं आणि त्यावर ‘फिब’ची (हे टेबल वाट ठरवायला वापरा, असं सांगणारी) खूण लागते. ती नसेल तर मँगलने केलेल्या खुणेला जायला वाटच उरत नाही.

पायरी ५: मेलेली लाइन राउटरला जिवंत वाटते

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथूनच होतो.

रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटतं. ओएनटीवरचा एलओएसचा (सिग्नल नाही हे सांगणारा) लाल दिवा लुकलुकायला लागतो. पण ओएनटीपासून राउटरपर्यंतची दीड मीटरची केबल शाबूत आहे, पोर्टचा हिरवा दिवा पेटलेला आहे आणि ओएनटी स्वतः पिंगला उत्तर देतोय. राउटरच्या दृष्टीने लाइन चालू! तो निम्मी कनेक्शनं इमानेइतबारे त्या मेलेल्या लाइनीवर ढकलत राहतो. डिफॉल्ट राउटवर (बाहेर जाणाऱ्या सगळ्यासाठीच्या मुख्य वाटेवर) ‘चेक गेटवे = पिंग’ लावून, म्हणजे वाटेवरच्या पुढच्या डब्याची तपासणी लावून, लोक निश्चिंत होतात, पण तो पिंग जातो फक्त पुढच्या डब्यापर्यंत. राउटर मोडमधल्या ओएनटीच्या बाबतीत तो डबा तुमच्याच टेबलावर आहे.

उपाय म्हणजे रिकर्सिव्ह राउट. तपासणी ओएनटीच्या पलीकडच्या, इंटरनेटवरच्या एखाद्या पत्त्याशी बांधायची. समजा पहिल्या लाइनीसाठी ८.८.८.८ आणि दुसरीसाठी ९.९.९.९ निवडले, तर असं करा:

१. ‘आयपी → राउट्स’मध्ये ८.८.८.८/३२ चा राउट टाका. गेटवे पहिल्या लाइनीचा (पीपीपीओई असेल तर त्या इंटरफेसचं नाव), स्कोप १०.

२. ९.९.९.९/३२ चा तसाच राउट दुसऱ्या लाइनीच्या गेटवेवरून.

३. आता डिफॉल्ट राउट, म्हणजे ०.०.०.०/०. गेटवे म्हणून थेट ८.८.८.८ लिहा, टार्गेट स्कोप ११, चेक गेटवे पिंग, डिस्टन्स १ (लहान आकड्याची वाट आधी वापरली जाते). दुसरा तसाच ९.९.९.९ चा, डिस्टन्स २.

४. हेच दोन्ही लाइनींच्या स्वतंत्र टेबलांत करा. पहिल्या टेबलात पहिली लाइन डिस्टन्स १ वर आणि दुसरी २ वर. दुसऱ्या टेबलात उलट. म्हणजे लाइन पडली की तिच्या वाट्याची कनेक्शनं आपोआप दुसरीकडे वळतील.

हा पिंग दर १० सेकंदांनी जातो आणि लागोपाठ दोनदा उत्तर आलं नाही की राउट बंद होतो. त्यामुळे लाइन गेल्यावर पंधरा-वीस सेकंदांची खीळ बसणार, हे ऑफिसातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

यात एक खाच आहे. ८.८.८.८ आता पहिल्या लाइनीला बांधला गेला. तोच तुम्ही डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणूनही वापरत असाल तर पहिली लाइन गेली की डीएनएसही गेला. फेलओव्हर होऊनही, म्हणजे सगळं दुसऱ्या लाइनीवर वळूनही, एकही साइट उघडणार नाही. तपासणीचे पत्ते आणि डीएनएसचे पत्ते वेगळेच ठेवा.

दुसरी खाच डीएचसीपीची, म्हणजे पत्ता आपोआप मिळण्याच्या सोयीची. लाइनीचा गेटवे बदलता असेल तर हाताने लिहिलेला राउट एक दिवस शिळा होतो. ओएनटी राउटर मोडमध्ये असेल तर गेटवे कायम तोच राहतो, पीपीपीओईला इंटरफेसचं नाव पुरतं. उरलेल्या लाइनींसाठी ‘डीएचसीपी क्लायंट’मध्ये स्क्रिप्ट लिहून गेटवे अद्ययावत करावा लागतो.

टीपी-लिंकवर हेच काम ‘ऑनलाइन डिटेक्शन’ करतं. तिथेही तपासणीचा पत्ता हाताने द्या आणि तो डब्याच्या पलीकडचाच द्या.

लाइन बदलल्यावर फक्त आयपी फोन किंवा व्हीपीएन मुका राहिला, बाकी सगळं चालू आहे, असंही होतं. त्यांचं जुनं कनेक्शन राउटरच्या यादीत जुन्या पत्त्यानेच नोंदलेलं असतं आणि उपकरण दर काही सेकंदांनी पॅकेट पाठवत राहिल्यामुळे ती नोंद मरत नाही. ‘फायरवॉल → कनेक्शन्स’मध्ये त्या उपकरणाच्या नोंदी निवडून काढून टाका, लगेच बोलायला लागेल. वारंवार होत असेल तर ‘नेटवॉच’ (एखादा पत्ता उत्तर देतोय का बघत राहणारी सोय) लावून लाइन पडल्यावर आणि परत आल्यावर हे काम स्क्रिप्टवर सोपवा.

पायरी ६: बँक आणि सरकारी पोर्टल बाहेर काढतात

लॉगिन झालं एका लाइनीने, पुढचं पान मागितलं दुसऱ्या लाइनीने. सर्व्हरला एकाच माणसाचे दोन पत्ते दिसतात आणि तो सुरक्षेसाठी सेशन तोडतो. यात सर्व्हरचं काही चुकत नाही.

पीसीसीच्या नियमात काय निवडलं आहे ते बघा. ‘बोथ ॲड्रेसेस अँड पोर्ट्स’ असेल तर एकाच साइटकडे जाणारी दहा कनेक्शनंही दोन्हीकडे विखुरतात. वाटणी देखणी होते, पण सेशन टिकत नाही. ‘बोथ ॲड्रेसेस’ केलं की एक मशिन आणि एक सर्व्हर ही जोडी कायम एकाच लाइनीवर राहते. तरी पैसे भरताना बँकेची साइट, पेमेंट गेटवे आणि ओटीपीचं पान वेगवेगळ्या सर्व्हरवर असतात, तिथे गडबड उरतेच. म्हणून कर सल्लागार, पतसंस्था, दवाखाना अशा ठिकाणी मी सरळ ‘सोर्स ॲड्रेस’ निवडते. एक मशिन, एक लाइन. वाटणी थोडी ओबडधोबड होते, पण रिटर्न भरण्याच्या शेवटच्या तारखेला कुणाची साइट मधेच लॉगआउट होत नाही. माझ्या मते तेवढ्यासाठी हा सौदा केव्हाही परवडतो.

एखादं पोर्टल फक्त तुमच्या स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीवरूनच आत घेत असेल तर त्याचं डोमेन ‘ॲड्रेस लिस्ट’मध्ये टाका आणि त्या यादीकडे जाणारं सगळं, पीसीसीच्या आधीच, त्या लाइनीला बांधून टाका. ऑफिसातली मशिनं डीएनएस म्हणून राउटरच वापरत असतील तरच ही यादी बिनचूक जुळते.

टीपी-लिंकवर ‘ॲप्लिकेशन ऑप्टिमाइझ्ड राउटिंग’ नावाचा पर्याय आहे. तो चालू ठेवा, तो याच कामासाठी आहे.

पायरी ७: डीएनएस, एमटीयू आणि आयपीव्ही६

डीएनएस: इंटरनेटवाल्यांचे डीएनएस सर्व्हर बहुधा आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. पहिल्या कंपनीच्या डीएनएसला प्रश्न दुसऱ्या लाइनीवरून गेला तर उत्तर येत नाही, आणि ‘कधी उघडतं, कधी नाही’ सुरू होतं. दोन्ही वॅनवर ‘यूज पीअर डीएनएस’ बंद करा, सार्वजनिक डीएनएस द्या.

एमटीयू: एकाच लाइनीवर ठरावीक साइट लटकत असतील तर पीपीपीओईचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) आठवा. तो साधारण १४९२ असतो, साध्या इथरनेटच्या १५०० पेक्षा ८ बाइट कमी. लॅपटॉप त्या लाइनीला बांधून, पॅकेटचे तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४६४ बाइटचा पिंग करा; वरचे २८ बाइट हेडरचे धरून १४९२ भरतात. तो जात नसेल तर आकडा दहा-दहाने उतरवत जा, जाईल तिथे २८ मिळवा, तोच साधारण तुमचा खरा एमटीयू. मग पॅकेटं त्या मापात बसावीत म्हणून पीपीपी प्रोफाइलमध्ये ‘चेंज टीसीपी एमएसएस’ चालू करा.

आयपीव्ही६: दुसरी लाइन कायम रिकामी आणि मँगल तर बरोबर, असं असेल तर फोन-लॅपटॉपना पहिल्या लाइनीवरून आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, लांब पत्ता) मिळतोय का बघा. मिळत असेल तर ते तोच आधी वापरतात आणि तुमचे आयपीव्ही४ चे नियम बाजूलाच राहतात. छोट्या ऑफिसात लॅनवर आयपीव्ही६ बंद ठेवणं हा सोपा मार्ग.

बाहेरून आत येणारं काही असेल तर

सीसीटीव्हीचा डीव्हीआर किंवा ऑफिसचा सर्व्हर बाहेरून बघायचा असेल, तर विनंती ज्या लाइनीने आली त्याच लाइनीने उत्तर गेलं पाहिजे. त्यासाठी मँगलमध्ये ‘इन इंटरफेस = वॅन २’ वरून येणाऱ्या नव्या कनेक्शनवर दुसऱ्या लाइनीची खूण करणारा नियम पीसीसीच्या वर हवा. राउटरच्या स्वतःच्या उत्तरांसाठी ‘आउटपुट’ साखळीतही जोडीचा नियम हवा. ‘आयपी → सेटिंग्ज’मध्ये ‘आरपी फिल्टर’ (पॅकेट अपेक्षित वाटेने आलं का तपासणारी गाळणी) ‘स्ट्रिक्ट’ असेल तर तो ‘लूज’ करा.

हे सगळं करूनही आत येता येत नसेल तर वॅनचा पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही कंपनीच्या सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. ५जीच्या लाइनींवर हे नेहमीचंच. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगचा उपयोग नाही. स्टॅटिक आयपी विकत घ्या किंवा व्हीपीएन वापरा.

शेवटची चाचणी

लॅपटॉपसाठी टाकलेला तात्पुरता नियम काढून टाका. मग ऑफिस सुटल्यावर एक व्हिडिओ कॉल लावून ओएनटीच्या मागची फायबरची पिन हळूच काढा. राउटरकडे जाणारी केबल काढून चाचणी करू नका, त्याने फक्त सोपा अपघात तपासला जातो. तोंडावरचं प्लास्टिकचं टोपण लगेच लावा, पिनच्या टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोकावूनही बघू नका. कॉल तुटेल, वीसेक सेकंदांत पुन्हा जोडता आला पाहिजे. पिन परत लावा, लाइन परत आल्यावर ‘राउट्स’च्या यादीत तिच्या राउटपुढे चालू असल्याची खूण आली का बघा. मग दुसऱ्या लाइनीचं हेच. दोन्ही चाचण्या पार पडल्या की ‘फाइल्स’मध्ये बॅकअप घ्या, तो राउटरवर न ठेवता कॉम्प्युटरवर उतरवा, आणि दोन्ही डब्यांवर कंपनीचं नाव, ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा फोन लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.